कसाऱ्याचा घाट आणि पाठीमागचे बळ

मुंबईहून नाशिककडे निघालेली लोकल ज्या स्थानकावर आपला प्रवास संपवते, ते कसारा. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील हे गाव सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंतर सुमारे १२० किलोमीटर आणि लोकलचा वेळ साधारण अडीच तास. भंडारदरा, रतनगड, हरिश्चंद्रगडाकडे जाणारी तरुण मंडळी येथे उतरतात, जीपमध्ये दाटीवाटीने बसतात आणि निघून जातात. उन्हाळ्याच्या अखेरीस करवंदे आणि जांभळे विकणाऱ्या बाया पानांचे द्रोण घेऊन येतात. भातसा, तानसा, वैतरणा यांचे पाणी मुंबईला पुरवणाऱ्या याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर चैत्र-वैशाखात डोक्यावर हंडे घेऊन चढ चढावा लागतो. चढ हा येथील जीवनाचा स्थायीभावच म्हणावा.

आपण वयाने ज्येष्ठ असाल, अथवा घरातील ज्येष्ठांची शुश्रूषा करीत असाल, तर हे ठिकाण एकदा पाहावे असे मी सुचवीन. देखाव्यासाठी तर पाहावेच. परंतु त्याहून अधिक, या घाटात एक गोष्ट डोळ्यांनी पाहता येते म्हणून. ती गोष्ट अशी, की मोठा चढ एकट्याच्या बळावर चढायचा नसतो, आणि साहाय्य केव्हा द्यावे व केव्हा थांबवावे यालाही एक शास्त्र असते.

मागून लागणारे इंजिन

कसारा ते इगतपुरी हा लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. यालाच थळ घाट म्हणतात. सुमारे १५ किलोमीटरांत गाडीला जवळजवळ ३०० मीटर उंची गाठायची असते. सर्वांत तीव्र ठिकाणी चढ ३७ ला १ असा आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे जावे तेव्हा १ मीटर वर जावे. पायी चालणाऱ्याला हा चढ किरकोळ वाटेल, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक असलेल्या आगगाडीला तो फार मोठा आहे. म्हणून कसाऱ्याला गाडी थांबते आणि तिच्या पाठीमागे जादा इंजिने जोडली जातात. रेल्वेच्या भाषेत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढचे इंजिन ओढते, मागची इंजिने रेटतात, आणि बोगद्यांतून, एहेगावच्या उंच पुलावरून गाडी इगतपुरीला पोहोचते. तेथे बँकर सुटे होतात. गाडी नाशिकच्या सपाटीवर स्वतःच्या बळाने धावू लागते आणि बँकर पुढच्या गाडीसाठी घाट उतरून परत येतात.

खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला ही इंजिने दिसतही नाहीत. एक हलका धक्का जाणवतो, तेवढाच. गाडीचे नाव, क्रमांक, वेळापत्रक यांत बँकरचा उल्लेख नसतो.

घाटातील सायकलस्वार

रेल्वेच्या शेजारून मुंबई–आग्रा रस्ताही हाच सह्याद्री चढतो. सुटीच्या दिवशी भल्या पहाटे या रस्त्यावर सायकलस्वार दिसतात. कोणी नाशिककडचे, कोणी ठाणे-कल्याणकडचे. नीट पाहिले तर ते एकामागे एक, अगदी जवळून चाललेले असतात. थोड्या वेळाने पुढचा बाजूला होतो, मागे सरकतो आणि दुसरा पुढे येतो. ही शिस्त शोभेची नाही. सायकल वेगात असताना स्वाराची बहुतांश शक्ती वारा कापण्यात खर्च होते. पुढच्याच्या आडोशाने चालणाऱ्याची सपाटीवर सुमारे एक तृतीयांश शक्ती वाचू शकते. म्हणून पुढे राहण्याचे कष्ट वाटून घ्यायचे.

आपल्याकडे घाट आणि सायकल म्हटले की बोरघाट आठवतो. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत तो घाट सर्वप्रथम चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब देतात. ती एका दिवसाची शर्यत. टप्प्यांची शर्यत मात्र निराळी. २०२६च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात झालेली ‘पुणे ग्रँड टूर’ अशी टप्प्यांची होती. या प्रकारातील सर्वांत विख्यात शर्यत म्हणजे १९०३ साली सुरू झालेली ‘टूर द फ्रान्स’. आज तिचे २१ टप्पे असतात आणि मध्ये दोन विश्रांतीचे दिवस. दररोज एक जण टप्पा जिंकतो. पण अंतिम विजेता तो, ज्याचा सर्व टप्प्यांचा मिळून वेळ सर्वांत कमी. ग्रेग लेमाँड या अमेरिकी सायकलपटूने १९९०ची शर्यत जिंकली, तेव्हा त्याने एकही टप्पा जिंकला नव्हता.

अशी शर्यत एकटा जिंकूच शकत नाही. प्रत्येक संघात आठ जण असतात आणि बहुधा एकच नायक असतो. उरलेले सात जण त्याच्यासाठी वारा अंगावर घेतात, मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणून देतात, प्रतिस्पर्धी निसटला तर त्याचा पाठलाग करतात. कोणी सपाटीचा, कोणी डोंगराचा. ज्याचे काम संपले तो मागे पडतो आणि आपल्या गतीने टप्पा पुरा करतो. फ्रेंच भाषेत अशा साहाय्यकाला ‘दोमेस्तीक’, म्हणजे घरगडी, म्हणतात. हा शब्द प्रथम हेटाळणीने वापरला गेला. आज तो मानाने उच्चारला जातो. नायक जिंकला तर बक्षिसाची रक्कम साऱ्या संघात वाटून घेण्याची प्रथा आहे.

१९३४ च्या शर्यतीतील एक प्रसंग आजही सांगितला जातो. रेने व्हिएत्तो हा वीस वर्षांचा तरुण डोंगर चढण्यात अतिशय तरबेज होता. त्याच्या संघाचा नायक आंतोनँ मान्ये याच्या सायकलीचे चाक मोडले, तेव्हा व्हिएत्तोने आपले चाक काढून दिले आणि स्वतः रस्त्याकडेच्या कठड्यावर रडत बसून राहिला. दुसऱ्याच दिवशी मान्ये पुन्हा अडचणीत आला. व्हिएत्तो पुढे गेला होता. तो उलटा घाट चढून परत आला आणि आपली सायकल त्याला दिली. मान्येने शर्यत जिंकली. व्हिएत्तो पाचवा आला. त्या त्यागाची कीर्ती झाली खरी. पण त्या तरुणाच्या डोळ्यांतले पाणीही तितकेच खरे होते. घराघरांत शुश्रूषा करणाऱ्या सुना, मुली, मुलगे, पत्नी यांना ते पाणी परिचयाचे असेल. कर्तव्य आनंदाने केले तरी त्याचे मोल शरीर आणि मन चुकवीत असते.

एकाच संघातील ईर्षा

शर्यतीतील सर्वांत अवघड ईर्षा परक्या संघाशी नसते, स्वकीयांशी असते. १९८५ साली बर्नार्ड इनो आणि लेमाँड एकाच संघात होते. लेमाँडने त्या वर्षी स्वतःला आवरून इनोला साथ दिली. इनो जिंकला आणि पुढल्या वर्षी मी तुला साहाय्य करीन, असे त्याने जाहीर केले. १९८६ साली मात्र तोच इनो वारंवार हल्ला चढवून पुढे निघू लागला. आल्प द्युएझच्या डोंगरावर दोघे हातात हात घालून पोहोचले, तरी संशय मिटला नाही. अखेर लेमाँड जिंकला. पण आपल्याच संघाकडे पाठ करून निर्धास्त राहणे त्याला जमले नाही.

आजारी आईवडिलांच्या भोवती जमलेल्या भावंडांत असेच घडते. एक जवळ राहतो, एक पैसे पाठवतो, एक दूरध्वनीवरून सूचना देतो. गेल्या वर्षी मी केले, यंदा तू करशील असे वाटले होते, हे वाक्य आपण ऐकले असेल. शर्यतीत आणखी एक गोष्ट दिसते. दोन तुल्यबळ स्पर्धक एकमेकांवरच नजर ठेवून रेंगाळतात आणि त्या अवधीत तिसराच पुढे निसटतो. कोणी न्यायचे यावर वाद चालू असताना रोग पुढे जातो, तपासणीची तारीख मागे राहते.

यावर उपाय संघांनी फार पूर्वी शोधला आहे: भूमिका आधी ठरवणे. डोंगर कोणाचा, सपाटी कोणाची, पाणी कोण आणणार, हे टप्पा सुरू होण्यापूर्वी सर्वांसमोर बोलले जाते. घरातही एका कागदावर लिहावे: औषधे आणणे, रात्रीची जाग, दवाखान्याच्या फेऱ्या, खर्चाचा हिशेब, आणि नुसते शेजारी बसून गप्पा मारणे. शेवटचे कामही कामच समजावे. दूर असणाऱ्याने वर्षातून काही दिवस येऊन पूर्ण पाळी घ्यावी, म्हणजे जवळच्याला खरा विश्रांतीचा दिवस मिळेल. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत दोघांचा संघ म्हणून पूर्ण केली. एक सायकल चालवीत असता दुसरा विसावा घेई. विसावा हा तेथे नियोजनाचाच भाग होता.

इटलीचे फाउस्तो कोप्पी आणि जिनो बार्ताली हे हाडवैरी समजले जात. १९५२ साली एका घाटात पाण्याची बाटली एकाकडून दुसऱ्याकडे जात असतानाचे त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. बाटली कोणी कोणाला दिली, यावर त्या देशात वर्षानुवर्षे वाद झाला. आपल्या घरात तो वाद निकाली निघण्याची वाट पाहू नये. पाणी पोहोचले, एवढे पुरे.

पाय आपलेच

आता ज्येष्ठ वाचकांसाठी. आडोशाने चालणाऱ्या नायकाला वाऱ्यापासून संरक्षण मिळते. पायडल मात्र त्यालाच मारावे लागते. त्याला कोणी उचलून नेत नाही. साहाय्य घेणे म्हणजे निष्क्रिय होणे नव्हे. दीर्घकाळ अंथरुणावर राहिल्याने स्नायू झपाट्याने क्षीण होतात, तोल जातो आणि पडण्याची भीती वाढते. म्हणून सदऱ्याची बटणे लावायला दहा मिनिटे लागली तरी ती आपण लावावीत. स्नानाच्या वेळी कोणी आधाराला असावे, पण साबण आपल्या हाती असावा. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढील व्यक्तींनाही आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवते. ज्यांना एवढे शक्य नाही त्यांनी जेवढे झेपेल तेवढे करावे. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, इतपत दम लागला तर श्रम मध्यम समजावेत. हृदयविकार, गुडघ्याची शस्त्रक्रिया किंवा चक्कर येण्याची तक्रार असेल, तर आरंभ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांसाठी: बँकर घाटापुरता असतो. इगतपुरीच्या पुढेही तो रेटत राहिला, तर ते साहाय्य ठरणार नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात उचलून बसवावे लागेल. सहाव्या आठवड्यातही तसेच करीत असाल, तर फिजिओथेरपिस्टला विचारा. शिवाय बँकर परत खाली येतो, त्याचीही तपासणी होते. आपला रक्तदाब, आपली झोप, आपली लांबणीवर टाकलेली तपासणी यांची नोंद त्याच कागदावर असू द्या.

उताराकडेही लक्ष हवे. घाटात गाडी उतरताना ब्रेकची कसून परीक्षा होते, आणि अनावर झालेल्या गाडीसाठी वेगळे चढते रूळ राखलेले असतात. सायकलपटू शिखरावर पोहोचल्यावर अंगात वर्तमानपत्र कोंबून उतरत. घामाने भिजलेल्या छातीला गार वारा बाधू नये म्हणून. रुग्णालयातून घरी परतणे हा असाच उतार. सुटलो, असे वाटते त्याच आठवड्यात औषधांची गल्लत होते, न्हाणीघरात पाय घसरतो. तेव्हा लक्ष सैल पडू देऊ नये.

जायचे झाल्यास

ज्येष्ठांनी घाटाच्या रस्त्यावर उभे राहण्यापेक्षा कल्याणहून इगतपुरीला जाणारी दिवसाची गाडी धरावी आणि आरक्षण करून खिडकीची जागा घ्यावी. पाणी, औषधे आणि पांघरायला काही बरोबर असावे. वर हवा गार असते. इगतपुरीजवळ घाटनदेवीचे मंदिर आहे. पूर्वी घाट चढून आलेला प्रवासी येथे हात जोडूनच पुढे जाई. पावसाळ्यात दृश्य अप्रतिम असते, परंतु निसरडे आणि धुके लक्षात घेता तोल कमी असलेल्यांनी मार्गशीर्ष-पौषाचे कोवळे ऊन निवडावे.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला. आता मोटारी जवळजवळ आठ किलोमीटरांच्या बोगद्यातून काही मिनिटांत डोंगर पार करतात. वार्धक्याच्या डोंगराला असा बोगदा अद्याप कोणी खणलेला नाही. तो चढूनच जावा लागतो. २०२३ पासून धावणारी मुंबई–शिर्डी वंदे भारत मात्र हाच घाट बँकरशिवाय चढते. तिचे बळ एका इंजिनात साठवलेले नसते. ते अनेक डब्यांच्या चाकांत वाटलेले असते. ज्या कुटुंबाला असे वाटून घेणे जमेल, त्याने अवश्य तसे करावे. ज्यांच्या घरी एकच इंजिन आहे, त्यांनी शेजारी, नातलग, परिचारिका, ज्येष्ठ नागरिक संघ यांपैकी कोणाला तरी हाक मारण्यास संकोच करू नये. कसाऱ्याला बहुतेक गाड्या थांबून बळ मागून घेतात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.