सॅन फ्रॅन्सिस्कोचे चढ-उतार

मुलें व मातोश्री यांसह घरवजा मोटारीनें हिंडण्यांत सोय पुष्कळ. चूल, बिछाने, सारें बरोबरच. परंतु अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रॅन्सिस्को शहर अशा गाडीसाठीं वसविलेलें नाहीं. तेथील फिल्बर्ट रस्त्याचा एक चढ १०० फुटांमागें ३१.५ फूट आहे! उतारावर गाडी उभी करतांना चाकें पदपथाच्या कडेला टेकतील अशीं वळवून ठेवावीं, असा नियमच आहे. म्हणून आम्ही गाडी खाडीपलीकडे लार्कस्पर येथें ठेवून नौकेनें शहरांत गेलों. १९३७ सालीं खुला झालेला गोल्डन गेट पूल धुक्यांत निम्मा बुडाला होता. भर जुलै महिना, पण मुलांचे दांत वाजूं लागले. लोकरीचे कपडे जवळ हवेतच.

टेकड्या चढण्याचें काम केबल कारवर सोपवावें. १८७३ सालीं सुरू झालेल्या या वाहनास ना घोडा, ना एंजिन. रस्त्याखालून ताशीं सुमारें १५ किलोमीटर वेगानें पोलादी दोर अखंड सरकत असतो. चालक तो चिमट्यानें पकडतो कीं गाडी निघाली. मुलें त्या चिमट्याकडेच पाहत राहिलीं. गुडघेदुखीमुळें मागेंच राहूं म्हणणाऱ्या मातोश्रींनीं मात्र माथ्यावर पोंचतांच आणखी एका फेरीचा हट्ट धरला; दर फेरीस तिकीट निराळें पडतें, हें त्यांना सांगण्याचें धैर्य आम्हांपैकीं कोणासच झालें नाहीं.