तेलाचा पैसा कुठं जातो?

सुदानमधल्या दारफूर प्रांतातल्या एल-फाशर शहरातल्या कत्तलींच्या बातम्या वाचल्या आणि झोप उडाली. माणसं मारणारे तेच, वीसेक वर्षांपूर्वी दारफूरमध्ये कत्तली करणाऱ्या जंजवीद टोळ्यांचे वारसदार; आता त्या निमलष्करी दलाला आरएसएफ म्हणतात.

सारखी आठवतायत ती वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातली मुलं. तेव्हाच्या त्या कत्तलींविरुद्ध 2004 मध्ये त्यांनी ‘स्टँड’ ही चळवळ उभी केली. पुढं ती शेकडो कॉलेजांत पसरली. एक दिवस कॉफी सोडायची, ते पैसे दारफूरसाठी द्यायचे, असेही उपक्रम झाले. पण मला खरी धमक वाटते ती वेगळ्याच गोष्टीत. आपल्या विद्यापीठाचा पैसा नेमका कुठं गुंतलाय, हे विद्यार्थी थेट विचारू लागले. सुदानच्या तेलाचा पैसा शस्त्रांत जातो, हे ते विश्वस्तांपुढं मांडत राहिले. 2005 मध्ये हार्वर्डनं पेट्रोचायनाचे शेअर विकायचं ठरवलं; तिची मूळ चिनी सरकारी कंपनी सुदानच्या तेलात गुंतलेली होती. 2006 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठही त्याच वाटेनं गेलं.

सुदानमधल्या एका मोठ्या तेलप्रकल्पात आपल्या भारताच्या सरकारी ओएनजीसी विदेश कंपनीचाही 25 टक्के हिस्सा होता. आपल्या कॉलेजांत त्यावर कधी सभा झाल्याचं मला आठवत नाही, आणि ते फार लागतं.

उद्या वर्गात सुदानचा नकाशा लावणार आहे. हेग्लिगच्या तेलक्षेत्रापासून पोर्ट सुदान बंदरापर्यंतची तेलवाहिनी आधी दाखवीन.