तीन वर्षांची मुदत

मी नोकरी सोडली तेव्हा सर्व्हर म्हणजे ऑफिसातली एसीची थंडगार खोली. 11 वर्षांनी पाहिलं, तर ती खोलीच क्लाउडवर गेलेली. 45व्या वर्षी पुण्यात वीकेंड क्लास लावला. पोरं मॅम म्हणायची. आयपी, पोर्ट, डीएनएस मात्र जुन्या शेजाऱ्यांसारखे भेटले, हलले नव्हते.

एडब्ल्यूएस सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट: 65 प्रश्न, 130 मिनिटं, 1000पैकी 720 ला पास. झाले.

मुलाखतीत तरी प्रश्न एकच, ‘मधली 11 वर्षं काय केलंत?’ सासूबाईंचं अंथरुण, लेकीची दहावी. सीव्हीत त्याला रकाना नाही.

सर्टिफिकेटची मुदत 3 वर्षं. संपली की परीक्षा पुन्हा देईन. त्याआधी कुणी नोकरी द्यावी, एवढंच.