कुणाचं काळीज?

६ जुलै २०२५, आषाढी एकादशी
रविवार असला तरी प्रयोगशाळेतल्या पेशींचं खाद्य बदलायचंच होतं. माणकोलीचा पूल ओलांडून डोंबिवली, तिथून लोकल. इन्क्युबेटरमधून डिश काढून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, तर कडेला केसाएवढा एक पट्टा आकसत होता. आकसला, सैलावला, पुन्हा आकसला. शिन्या यामानाकांनी २००७ साली माणसाच्या त्वचेच्या पेशींना मूळपेशी बनवून दाखवलं. अशा मूळपेशींना ठरावीक क्रमाने ठरावीक रसायनं दिली, की साधारण आठव्या-दहाव्या दिवशी धडधड सुरू होते. कितीदा पाहिलं तरी मला भरून येतं.

८ जुलै
धडधडणाऱ्या ऊतकातले विजेचे सिग्नल टिपायला आज जाळी बसवली. ऊतक मऊ, धातू कडक. कडक तार टेकवली की ठोक्यागणिक घासते. म्हणून वीज वाहून नेणाऱ्या मऊ पॉलिमरचा, पेडॉटचा, लेप दिलेली पातळ जाळी वापरतो. चिमट्याने ती द्रवावर सोडायची आणि श्वास रोखून बसू द्यायची. पेशींचा सिग्नल इतका क्षीण की भिंतीतल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण त्याला गिळून टाकते. ही गुणगुण अडवणाऱ्या धातूच्या पिंजऱ्याचं अर्थिंग पुन्हा घट्ट केलं, तेव्हा कुठे स्क्रीनवर एकेक टोक वेगळं दिसू लागलं.

१० जुलै
दादा औषधांच्या गोदामात आहे. रात्री जेवताना म्हणाला, "आज दोन गाड्या गोळ्याच उतरवल्या." मला सिसाप्राइड आठवलं. जळजळीवरचं साधं औषध, पण त्याने काहींच्या हृदयाची लय बिघडून मृत्यू झाले. भारतात २०११ साली त्यावर बंदी आली. हृदयपेशीतून पोटॅशियम बाहेर जाण्याची वाट असं औषध अडवतं. मग प्रत्येक ठोक्यानंतर पेशीला पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो आणि त्या लांबलेल्या वेळात लय चुकू शकते. उंदरावर हे नीट कळत नाही. त्याचं हृदय मिनिटाला ५००-६०० ठोके देतं आणि पूर्ववत होण्यासाठी दुसऱ्याच वाटा वापरतं. आज आमच्या ऊतकावर अशीच वाट अडवणारं रसायन थेंबाथेंबाने वाढवत नेलं. स्क्रीनवरच्या लाटेची शेपटी लांबत गेली. गोळी दादाच्या गोदामात पोचण्याआधी हे दिसायला हवं, त्यासाठीच माझी पीएचडी आहे. २०२३ साली केंद्राने नवीन औषधांच्या नियमांत अशा चाचण्यांना जागा दिली, ते फार बरं झालं.

१२ जुलै
आजीला मोबाइलवर धडधडीचा व्हिडिओ दाखवला. तिने तो परत परत पाहिला आणि विचारलं, "पन यो काळीज हाय कुनाचा?"
मी सांगितलं, परदेशातल्या एका माणसाचं, विकत आणलेलं.
"आपल्या मानसांचा कं नाय?"
दिवसभर तोच प्रश्न डोक्यात. भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकातली २५ अक्षरं गळालेली असतात. २००९ साली हे शोधून मांडणाऱ्यांत हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे कुमारसामी थंगराज होते. तरुणपणी बहुतेकांना त्रास नसतो, पुढे हृदय निकामी होण्याचा धोका वाढतो. म्हणजे कोट्यवधी माणसं. विकत आणलेल्या ऊतकावर निर्धोक ठरलेली गोळी त्यांच्या हृदयावर काय करेल, हे त्यांच्याच पेशींना विचारायला नको का? हे काम आपल्याकडे अशक्य नाही. परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने 'काइंड' नावाच्या भ्रूणपेशींच्या सेल लाइन केल्या आणि त्यांपासून हृदयाच्या पूर्वपेशीही घडवल्या.

१४ जुलै
आपल्याच माणसांच्या पेशींपासून ऊतक घडवायचं गाइडसरांना पटलं. आधी नैतिकता समितीची परवानगी, मग रक्तदाते. संमतिपत्राचा मराठी मसुदा माझ्याकडे आला. 'तुमच्या रक्तातील पेशींपासून हृदयाचे ऊतक वाढवले जाईल. ते अनेक वर्षे जतन होऊ शकते. तुम्ही संमती केव्हाही मागे घेऊ शकता.' रात्री आजीला वाचून दाखवला, तिला कळला तर कुणालाही कळेल म्हणून. 'ऊतक' शब्दावर ती अडली. तिथे 'हृदयाच्या मांसाचा बारीक तुकडा' असं केलं. मग तिने बाही वर सारली. घरच्यांचं रक्त घ्यायचं नाही, त्यांना नाही म्हणणं जड जातं, असं समजावलं. तिला ते मुळीच पटलेलं नाही.