चुकलेला नेम

मुलांनो, गांडुळांची लढाई कधी पाहिली आहे का? ‘वर्म्स’ नावाच्या व्हिडिओ गेममध्ये ती होते. ही गांडुळं भारी मजेशीर! चिरक्या आवाजात बोलतात आणि एवढ्याशा अंगानं बाझूका चालवतात. इंग्लंडमधल्या ‘टीम सेव्हन्टीन’ या कंपनीनं हा खेळ १९९५ मध्ये बाजारात आणला. पुढे २००६ मध्ये त्याचा ‘ओपन वॉरफेअर’ हा भाग पीएसपीवर, म्हणजे दोन्ही हातांत धरून खेळायच्या छोट्या यंत्रावर, आला.

माझ्या भावाकडे असा एक जुना पीएसपी आहे. दिवाळीच्या सुट्टीत माझे भाचा-भाची त्यावर खेळत होते आणि मी शेजारी बसून पाहत होते. यात धावपळ नाही बरं का! बुद्धिबळासारखं पाळीपाळीनं खेळायचं. आपली पाळी संपली की यंत्र दुसऱ्याच्या हातात द्यायचं.

पण नेम धरणं सोपं नाही. बाझूका किती वर रोखायचा ते ठरवायचं, बटण जितका वेळ दाबून धरू तितका जोर. त्यात वारा! पडद्यावर वाऱ्याची दिशा दिसते. समोरून वारा असेल तर गोळा अलीकडेच पडतो, पाठीमागून असेल तर पार पुढे जातो. हातबाँबला मात्र वारा लागत नाही. तो कुठे घरंगळेल, हे उतार बघून ओळखायचं.

माझी भाची चौथीत आहे. हुशार आहे, पण चुकण्याची तिला फार भीती. गणित चुकलं की खोडरबरानं इतकं घासते, की कागदच फाटतो. आणि अवघड गणित दिसलं, तर वही कोरी! या खेळात तिचा पहिला गोळा अलीकडे पडला. तिनं लगेच यंत्र खाली ठेवलं. ‘‘आत्या, मला नाही जमत.’’

भाचा म्हणाला, ‘‘अगं, तो खड्डा बघ ना! तिथे पडला. आता थोडा जास्त जोर लाव.’’

या खेळात गोळा जिथे पडतो तिथली जमीन उडून खड्डा होतो, आणि तो तसाच राहतो. खोडायची सोयच नाही! तिनं खड्ड्याकडे नीट पाहिलं. दुसरा गोळा पलीकडे गेला. तिसरा या दोन्हींच्या मधोमध, बरोब्बर गांडुळावर! तो डाव शेवटी ती हरलीच, पण ‘आणखी एक’ म्हणून तिनंच हट्ट धरला.

सुट्टीनंतर मी माझ्या वर्गात सांगितलं, ‘‘चुकलेलं गणित खोडायचं नाही. त्यावर एक रेघ मारा आणि खाली पुन्हा सोडवा.’’ वह्या जरा कमी सुबक दिसतात खऱ्या. पण हातचा विसरला, की वजाबाकी उलटी केली, हे आता मुलांचं मुलांनाच सापडतं. पूर्वी वही कोरी ठेवणारी दोन-तीन मुलं निदान पहिली पायरी तरी लिहू लागली आहेत. मला तेवढ्यानंही बरं वाटतं.

आणि गंमत ऐका. हा खेळ रचणाऱ्या अँडी डेव्हिडसन यानं तो आधी एका संगणक-मासिकाच्या स्पर्धेला पाठवला होता. तिथे बक्षीस मिळालं नाही. काही प्रकाशकांनीही नकार दिला. मग तो खेळ घेऊन एका प्रदर्शनात गेला आणि तिथे ‘टीम सेव्हन्टीन’नं तो घेतला. त्याचाही नेम पहिल्या फटक्यात लागला नव्हता!

तेव्हा दोस्तांनो, या आठवड्यात एक करून पाहा. खोडरबर दप्तरातच राहू द्या. चुकलेल्या गणिताशेजारी चुकलेलं उत्तरही दिसू द्या. आपला गोळा कुठे पडला, ते तोच सांगतो.