द्राक्षाला धोरण, मोहाला कलम 65

यंदा फेब्रुवारीत नाशिकला लग्न होतं. दुसऱ्या दिवशी मेव्हण्याने दिंडोरीकडच्या एका वायनरीत नेलं. एकाच कुटुंबाची आहे. वडील बाग बघतात, मुलगा वाइन बनवतो, सूनबाई आलेल्यांना चव दाखवतात. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर "जाहिरातीचे किती मिळाले" म्हणणारे आहेतच. रनाळ्याला परत आलो तर आबा म्हणे, "इतला दूर दारू पेवाले गया व्हता का भो?"

आबांना तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. पोस्ट लांब आहे, वेळ असेल तर शेवटपर्यंत वाचा.

फेब्रुवारी म्हणजे तिकडे द्राक्षतोडीचा हंगाम. वाइनची द्राक्षं आपण बाजारातून आणतो तशी नसतात. बारीक मणी, जाड साल, आत बिया. खाल्ली तर गोड लागतात, पण कुणी टोपली भरून घरी नेणार नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी इथेही चुकत नाही. अवकाळी आला की पोटात गोळाही तोच. मुलगा म्हणाला, "काका, आधी ही शेती आहे, कारखाना नंतर." मला ते पटलं.

आत स्टीलच्या मोठ्या टाक्या, थंड ठेवलेल्या. पांढरी वाइन करायची तर रस सालीपासून लगेच वेगळा काढतात. लाल करायची तर सालीसकट आंबवतात, रंग सालीतूनच येतो. मग काही लाल वाइन ओकच्या लाकडी पिंपात मुरवतात. सूनबाईंनी चार ग्लास मांडले, प्रत्येकात दोन-तीन घोट. आधी रंग बघा, ग्लास फिरवा, वास घ्या, मग तोंडात घोळवा. शेनिन ब्लाँला पेरूसारखा वास आला. शिराझ जिभेला तुरट, मागून मिऱ्यासारखी. शेजारी थुंकायला भांडं ठेवलेलं. कुणी झिंगलेलं नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. लेकी-सुना, म्हातारी माणसं, सगळे बसले होते. दारूच्या जागी इतकी शांतता मी पहिल्यांदा पाहिली.

आता मुद्द्यावर येतो. ही शांतता आणि ही इज्जत द्राक्षाच्या रसातून आपोआप आलेली नाही. ती सरकारने उभी केली.

2001 साली महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं स्वतंत्र धोरण आणलं. अबकारी शुल्कात माफी दिली, वायनरीला लघुउद्योगासारखी वागणूक दिली, वाइन पार्क काढले. त्याआधी नारायणगावला शामराव चौगुल्यांची इंडेज होती, नाशिकला राजीव सामंतांची सुला नुकतीच सुरू झाली होती. धोरणानंतर वायनऱ्यांची रांग लागली. गंगापूर धरणाच्या काठी गुरनानी कुटुंबाने यॉर्क काढली, योगिता, रवी आणि कैलास या तीन मुलांच्या नावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचं नाव ठेवलं. पुढे 2021 मध्ये ती सुलाने घेतली. अकलूजला मोहिते-पाटलांनी इटालियन भागीदारांबरोबर फ्रातेली उभी केली. पुढे वाइनवर 20 टक्के व्हॅट लावला, तर त्यातले 16 टक्के कारखान्याला परत करायची योजना केली. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायचाही निर्णय झाला. "शेतकऱ्याच्या फायद्यासाठी" असं कारण दिलं. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, गदारोळ झाला आणि तो निर्णय मागे पडला. पण बाकी आधार कायम राहिला.

माझी याला हरकत नाही. द्राक्षवाल्याला चार पैसे मिळाले तर चांगलंच आहे. पण मार्चच्या शेवटी मी कामानिमित्त धडगावकडे गेलो आणि डोक्यात दुसराच विचार सुरू झाला.

तिथे ओळखीच्या एका पावरा घरी थांबलो होतो. पहाटे उठून अख्खं घर मोहाखाली. फुलं रात्रीतून, पहाटेपर्यंत गळतात. आदल्या दिवशी पाला झाडून ठेवलेला, त्यावर फिकट पिवळ्या फुलांचा सडा. आजी, सून, दोन पोरं टोपल्या भरत होती. जंगलातलं झाड असलं तरी कुठलं झाड कुणाच्या घराचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. उन्हात वाळवलं की फूल मनुक्यासारखं होतं. ते भाकरीत घालतात, भाजून खातात, अडचणीला विकतात. आणि हो, दारूही गाळतात. फुलं भिजवायची, काही दिवस आंबवायची, मग चुलीवर भांड्यात चढवून वाफ थंड करायची. काळा गूळ नाही, नवसागर नाही. घरच्या दादांनी छोट्या वाटीत दिली, आधी दोन थेंब जमिनीवर सांडले, मग मला पुढे केली. वास फुलाचा, गोडसर, चव स्वच्छ.

माझ्यासाठी हीसुद्धा कुटुंबाची वायनरीच. फरक आहे, तो लपवत नाही. वाइन नुसती आंबवतात, तिच्यात साधारण 12 ते 14 टक्के अल्कोहोल. मोहाची गाळलेली, म्हणून जास्त कडक. पण नाशिकच्या त्या घराला लायसन्स, अनुदान आणि पर्यटक आहेत. धडगावच्या या घराला आहे महाराष्ट्र दारूबंदी कायदा 1949, कलम 65. पेपरात आपण रोज वाचतो, "गावठी हातभट्टीवर धाड, रसायन नष्ट". नवसागर घालून विष विकणारा आणि देवाच्या कार्याला घरची गाळणारी म्हातारी, दोघांवर कलम तेच.

हे आजचं नाही. इंग्रजांनी 1878 चा अबकारी कायदा आणून गाळण्याचा हक्क गावाकडून काढला आणि ठेकेदाराला दिला. 1892 मध्ये ठाणे-कुलाब्यासाठी तर खास मोहफुलांवरच कायदा केला, म्हणजे फूल घरात ठेवायचीही चोरी. कारण उघड होतं, घरची दारू प्याली तर ठेक्याचा महसूल बुडतो. इंग्रज गेले, धाक राहिला. राज्याने मोहफुलं गोळा करण्यावरचे, वाहतुकीवरचे निर्बंध 2021 मध्ये काढले, ते चांगलं केलं. एप्रिल 2022 मध्ये मंत्रिमंडळाने काजूबोंडं आणि मोहफुलांच्या मद्याला चक्क "विदेशी मद्य" या वर्गात टाकलं. सातपुड्यात पडलेलं फूल, सातपुड्यात गाळलेलं, आणि कागदावर विदेशी! हेतू उद्योग वाढवण्याचा असेल. पण विदेशी मद्याचा कारखाना धडगाव-मोलगीची बाई काढणार आहे का? काढणार तो भांडवलवाला. आपल्या लोकांनी फुलं किलोवर विकायची, केंद्राने 2020 मध्ये सुक्या फुलाचा आधारभाव 30 रुपये केला तेवढ्यावर समाधान मानायचं.

आता नकाशा बघा. आपला जिल्हा तीन राज्यांच्या तिठ्यावर. पश्चिमेला गुजरात, तिथे दारूबंदी. पण महाशिवरात्रीला आपल्याकडचे हजारो आदिवासी देवमोगऱ्याला याहामोगीच्या दर्शनाला जातात, तिथे नैवेद्य मोहाच्या दारूचा. नर्मदेपलीकडे मध्य प्रदेश. त्यांनी 2022 मध्ये हेरिटेज मद्य धोरण केलं, मोहाची दारू बनवायचा परवाना आदिवासी बचत गटांना दिला. सुरुवातीची दोन युनिटं, एक अलीराजपूर जिल्ह्यात, दुसरं दिंडोरीत. अलीराजपूरच्या बाटलीचं नाव मोंड. आपल्याकडे दिंडोरी म्हटलं की द्राक्ष, त्यांच्याकडच्या दिंडोरीत मोह. अलीराजपूर तर धडगावच्या समोरच्या काठावर. नदी ओलांडली की उद्योग, अलीकडे आलं की गुन्हा. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं, तेही घरोघरच्या भट्टीतूनच वर आलं.

"म्हणजे दारूला प्रोत्साहन द्यायचं का?" असं कुणीतरी विचारणारच, आणि प्रश्न खरा आहे. दारूने मोडलेली घरं मी रनाळ्यातही बघतो. आदिवासींनीच याविरुद्ध आवाज उठवलाय हेही विसरू नका. 1922 च्या देवीच्या चळवळीत सीमेवरच्या गावांनी दारू-ताडी सोडली. तळोद्याकडच्या मोरवडच्या संत गुलाम महाराजांनी 1930 च्या दशकात हजारोंना व्यसनातून बाहेर काढलं. त्यांचं नाव घेऊन मी दारूची तरफदारी करणार नाही.

पण बंदी आहे म्हणून दारू थांबली का? थांबली असती तर 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉल पिऊन शंभरावर माणसं मेली नसती. चोरून होतं तिथे तपासणी होत नाही, आणि तपासणी नाही तिथे विष शिरतं. पोलिसाचा हप्ता, दलालाचा भाव आणि बाईची मार खाण्याची पाळी, तिन्ही अंधारातच वाढतात.

माझं म्हणणं एवढंच. निर्णय गावाला करू द्या. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालायचा, नियंत्रण ठेवायचा अधिकार दिलाच आहे. ज्या ग्रामसभेतल्या बाया म्हणतील "नको", तिथे एक थेंब नको, आणि पोलिसांनी त्यांच्या मागे उभं राहावं. ज्या गावाला हवं, तिथे बचत गटाला छोटा परवाना द्या, प्रयोगशाळेत तपासणी करा, बाटलीवर गावाचं नाव लिहा. द्राक्षाला दिली तशी करसवलत द्या. देवाच्या नैवेद्यासाठी ठरावीक प्रमाणात गाळणाऱ्या घरावर गुन्हा नको. द्राक्षवाल्यांसाठी धोरण लिहिताना सरकारने तज्ज्ञ, उद्योजक, शेतकरी बोलावले. मोहाच्या वेळी सातपुड्याची आजी का नको?

आबांनी हे सगळं ऐकलं आणि म्हणाले, "लिख, पण पोलिसले वाचाले देजो नको." आबा, मी तर उलट म्हणतो, त्यांनीही वाचावं. आमदार-खासदारांना टॅग करतोय. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूरच्या मित्रांनो, तुमच्या ग्रामसभेत हा विषय कधी निघाला का? बायांचं मत काय पडलं? कमेंटमध्ये लिहा. विरोधात असलात तर आधी लिहा.