कण्याचं देणं

माझ्या कमरेचा चौथा आणि पाचवा मणका आता एकच झाला आहे. चौथा पुढे सरकला होता, डावा पाय बधिर पडू लागला होता. डॉक्टर बाईंनी चार स्क्रू आणि दोन दांड्या बसवल्या, माझ्याच कमरेच्या हाडाचा चुरा काढून मध्ये भरला आणि म्हणाल्या, "आता हाडाला वेळ द्या, सर."

शाळेत पुन्हा जायला लागलो आणि एसटी एका खड्ड्यात अशी आदळली, की मी सीटवरून वर उडालो. तसाच त्यांच्याकडे गेलो. बाहेर पेशंटांची रांग होती, तरी एक्स-रे दिव्यासमोर धरून त्यांनी नीट समजावलं. दांडी सहसा एका दणक्यानं मोडत नाही, रोजच्या वाकण्या-उठण्यानं ती थकत जाते. जोराचा हिसका बसला तर आधी धोका असतो स्क्रूनं हाडात धरलेल्या पकडीला, हाड ठिसूळ असेल तर जास्तच. नाहीतर वरचा मणका दबतो. एकदा हाड जुळलं, की भार मुख्यतः तेच पेलतं. धातूनं तोवर टिकायचं.

हे "तोवर" कळायला फार किंमत मोजावी लागली आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला पॉल हॅरिंग्टन पोलिओनं कणा वाकलेल्या मुलांना पोलादी दांड्या बसवत होते. सुरुवातीला मणके जुळवत नसत, नुसत्या दांडीवर भरवसा. दांड्या तुटल्या, त्या मणक्यांना अडकवणारे आकडे निसटले. मग त्यांनी दांडीच्या जोडीला हाड जुळवणं आलंच पाहिजे असं ठरवलं आणि 1962 साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. ज्यांच्या पाठीत त्या दांड्या तुटल्या, त्या मुलांची नावं मला कधीच कळणार नाहीत. माझी पाठ त्यांच्यामुळे उभी आहे, असं मी मनापासून मानतो.

आता अशी जोडणी प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांत बसवून 50 लाख वेळा दाबून पाहतात. पण ठोकळ्यांवरून धातूची थकावट कळते, हाडाची पकड कळत नाही. त्यासाठी माणसाचाच कणा लागतो. मृत्यूनंतर कुणीतरी दिलेला. प्रयोगशाळेत तो वाकवतात, पिळतात, त्यावर वजन आदळवतात. माझ्या वाट्याचा दणका आधी कुणी तरी असा सोसून ठेवला आहे.

बाईंचे आभार मानता आले, पेढे देता आले. या बाकीच्यांचं काय करायचं? सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात जाऊन मी देहदानाचा अर्ज भरला. नातेवाइकाच्या सहीच्या जागी मुलीनं सही केली. तिला बजावून ठेवलंय: चौथ्या-पाचव्या मणक्यात धातू आहे, हे तिथल्या लोकांना आठवणीनं सांग. स्क्रूभोवती हाड कसं धरलंय, ते तिथं शिकणाऱ्या मुलांनी उघडून बघावं.